जावईबापूंचं जळण

फिशटँकच्या दुकानात टँकमध्ये सजावटीला ठेवायच्या एका लाकडाचे १८०० रुपये सांगितले तेव्हा मी हसलो. बरं लाकूड म्हणजे काय, तर हातभर लांबीची वाकडीतिकडी फांदी, अंगणात पडली असती तर आईने उचलून कंपाउंडबाहेर टाकली असती. "सर, ड्रिफ्टवूड आहे, पूर्ण प्रोसेस केलेलं." मी म्हटलं अरे बाबा माझी सासुरवाडी गुहागरची, पावसाळा संपला की असलं लाकूड तिथे किनाऱ्यावर ढिगाने येऊन पडतं, मला कसलं प्रोसेस सांगतोस. ते प्रोसेस म्हणजे काय हे पुढच्या दीड महिन्यात मला आणि माझ्यामुळे घरातल्या प्रत्येकाला नीट कळलं.

दिवाळीत गेलो तेव्हा सकाळी सहाला पोतं घेऊन सुरूच्या बनाच्या कडेकडेने निघालो. एक तुकडा असा सापडला की काय सांगू, सांबराच्या शिंगासारखे दोन फाटे, समुद्राने घासूनघासून रुपेरी केलेला, नख रुततच नाही, चीक नाही, ओल्या लाकडाचा वास नाही, म्हणजे अगदी हवा तसा. आणखी दोन घेतले आणि पोतं खांद्यावर टाकून गावातून परत आलो. शेजारच्या काकू अंगण सारवत होत्या. "जावईबापू, पुण्यात गॅस मिळत नाय काय हो?"

मी हसून सोडून दिलं, पण सासऱ्यांनी नाही सोडलं. आम्ही निघायच्या वेळी त्यांनी करवंट्यांचं एक पोतं आणि सुक्या झावळ्यांचे दोन भारे कॅरियरवर बांधून ठेवले होते. "बंबाला होतील." आमच्याकडे बंब नाही, दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके आहे, हे त्यांना सांगायची हिंमत मला झाली नाही आणि बायकोने मुद्दाम सांगितलं नाही. चिपळूणपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. कुंभार्ली घाट लागला तशा लाकडातून मुंग्या बाहेर पडल्या, त्यांना आधी फणसपोळी सापडली आणि मग चिरंजीव.

दगडांसाठी पाटणच्या अलीकडे एका ओढ्यावर गाडी थांबवली. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, टँकला एकदम सेफ, पाण्यात काही सोडत नाही. पण त्याच्या भोकांमध्ये कधीकधी पांढरे खडे असतात आणि खरी गंमत तिथे असते, कारण ते कॅल्साइट असलं तर हळूहळू विरघळून पाणी जड करतं. त्यावर टेस्ट अशी की दगडावर व्हिनेगर टाकायचं, फसफसलं तर चुना आहे, बाद. चार दगड आणले, त्यातला एक वीतभर, चपटा, जाळीदार भोकाभोकांचा, सगळ्यात देखणा.

घरी आल्यावर चारही दगड ओट्यावर मांडून मी ड्रॉपरने व्हिनेगर टाकलं आणि कान लावून बसलो. दगड गप्प. पांढरे खडेसुद्धा गप्प. पण बारीक चुर्रर्र असं काहीतरी ऐकू येत होतं. खाली बघितलं तर ओटा फसफसत होता! आमचा ओटा कडप्प्याचा, आणि कडप्पा म्हणजे काळा असला तरी चुनखडीचाच दगड, हे मला त्या दिवशी कळलं. पुसेपर्यंत चार पांढुरके डाग पडले होते, ते अजून आहेत, आणि कोणी पाहुणा स्वयंपाकघरात आला की बायको आधी ते दाखवते आणि मग चहा टाकते.

दगड उकळायचे नसतात बरं का, आत अडकलेलं पाणी तापून दगड फुटू शकतो. साबण तर अजिबात नाही, भोकात बसला की निघत नाही आणि मासे मरतात. म्हणून नुसत्या ब्रशने घासून, वरून गरम पाणी ओतून बाथरूममध्ये निथळायला ठेवले. लाकूड मात्र उकळावं लागतं, किडे आणि बुरशी मरायला. आता सव्वादोन फुटाचं लाकूड मावणार कशात? घरात एकच भांडं होतं, आईचं पुरणपोळीच्या वेळचं मोठं पातेलं. आई दुपारी भिशीला गेल्यावर काढलं. त्यातसुद्धा अर्धं लाकूड बाहेर, म्हणजे आधी हे टोक दीड तास आणि मग उलटं करून ते टोक दीड तास, आणि घरभर पावसाळ्यात भिजलेल्या लाकडी बाकासारखा वास. पाण्याला असा सुंदर रंग आला होता की बाबा फिरून आले ते थेट गॅसपाशी गेले, एवढं मोठं पातेलं बघून म्हणाले, "कोणी येणारे का? आलं घातलंस?" तेवढ्यात वाफेतून शिंग वर आलेलं त्यांना दिसलं. ते काही न बोलता पेपर घेऊन गॅलरीत गेले.

खरं प्रोसेस इथून पुढे. समुद्रातलं लाकूड म्हणजे आतपर्यंत मीठ, म्हणून ते गोड्या पाण्यात भिजवत ठेवायचं आणि रोज पाणी बदलायचं. चिरंजीवांचा लहानपणीचा आंघोळीचा टब गॅलरीत ठेवला आणि त्यात लाकूड सोडलं. ते तरंगलं. दाबलं, पुन्हा वर आलं. त्यावर वरवंटा ठेवला, रात्री दोन वाजता धाडकन आवाज झाला, वरवंटा टबाबाहेर आणि लाकूड मजेत पोहतंय. यात माझी मूळ चूक काय झाली ते मला त्या रात्री फरशी पुसताना लक्षात आलं. जे लाकूड कुठल्या कुठून तरंगत तरंगत गुहागरला आलं, बुडायचं असतं तर ते वाटेतच बुडालं नसतं का? किनाऱ्यावर सापडतं ते न बुडणाऱ्यांमधलंच. मी निवडून निवडून चॅम्पियन आणला होता.

रोज सकाळी पाणी बदलायचं, रोज ते चहाच्या रंगाचं व्हायचं. मीठ गेलं का बघायला मी बोटाने चव घ्यायचो, तेव्हा बायको मुलाला आत घेऊन जायची. आठवड्याभराने डेंग्यूची तपासणी करणाऱ्या ताई आल्या. "साठवलेलं पाणी आहे का?" मी म्हटलं आहे पण रोज बदलतो, लाकूड बुडवतोय. "कशासाठी?" माशांसाठी. "मासे कुठेत?" अजून आणायचेत. त्यांनी टबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वहीत काहीतरी बरंच मोठं लिहिलं आणि बायकोला हळू आवाजात विचारलं, "हे घरीच असतात का दिवसभर?"

मग एका मित्राने सांगितलं, दगडाला बांध की, जड होईल. शहाबादी फरशीचा तुकडा टाकीजवळ पडला होता तो घ्यायला गेलो, पण ओट्याची आठवण झाली, शहाबादीसुद्धा चुनखडीच. तेव्हा म्हटलं आपला तो जाळीदार चपटा दगड आहे की, भोकात दोरा छान अडकेल. बाथरूममध्ये गेलो तर तीनच दगड. चौथा आईच्या पाटाशेजारी, साबणाच्या फेसात.

"अगं आई, तो टँकचा दगड आहे!"

"असू दे. अशी वजरी हल्ली मिळत नाही. टाचा बघ माझ्या."

बघितल्या. खरंच गुळगुळीत होत्या. पंधरा दिवस ती तो दगड वापरत होती, भोकाभोकांत साबण, आता तो टँकच्या जन्मात कामाचा नव्हता. उरलेले तीन गोलमटोल, कितीही बांधा, दोरा सटकतोच.

शेवटी एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी टबात लाकूड दिसेना. मला वाटलं कोणी उचललं. वाकून बघितलं तर तळाशी बसलेलं! मी ओरडलो, "बुडलं, बुडलं!", तर आतून बाबा पळत आले, त्यांना वाटलं शेअर्सचं काहीतरी. टँक दोन फुटी, म्हणून बुडालेलं लाकूड पुन्हा बाहेर काढून करवतीने कापावं लागलं ते वेगळंच, आणि हे मोजमाप गुहागरला करता आलं असतं हे बायकोने दोनदा सांगितलं. टँकमध्ये ठेवल्यावर चौथ्या दिवशी त्यावर पांढरी बुळबुळीत साय आली, "मुरलं नाही, मीठ कमी पडलं," आईचं निदान. मीठ! पण ती साय निरुपद्रवी असते, आपोआप जाते, तशी गेली. पाणी अजून फिक्या चहासारखं दिसतं. टेट्रा जातीच्या माशांना ते मानवतं, त्यांच्या मूळच्या नद्यांचं पाणी असंच असतं, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो आणि ते मान डोलावून ओट्यावरचे डाग बघायला जातात.

परवा सासऱ्यांचा फोन आला. "करवंट्या संपल्या असतील ना? या वेळी जास्त काढून ठेवल्यात. तुमची ती शिंगंबिंगंसुद्धा आहेत पाच-सहा. गाडीत नाही मावायचं, टेंपोच बघा."