मी आवाज मागितला नव्हता

"साहेब, आवाज कसला कडक येतोय बघा!"

हे वाक्य गेल्या वर्षभरात मी चार गॅरेजांत ऐकलं. आता पुन्हा कोणी म्हणालं की डोक्यात तिडीक जाते. मी आवाज मागितलाच नव्हता. मी सायलेन्सर मागितला होता. इंजिनाची धडधड गिळून टाकायची, जळका धूर गाडीत बसलेल्या माणसांपासून लांब मागे नेऊन सोडायचा, एवढंच त्या डब्याचं काम. ते करणारी वस्तू जुन्या गाडीला नीट बसवून मिळावी, याला महाराष्ट्रात एवढा वनवास का? आणि त्या वनवासाच्या शेवटी माझ्याच गाडीत चोरी व्हावी?

सगळं सांगतो.

गाडी २००४ ची मारुतीची झेन आहे. ९९३ सीसी, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, एक लाख चौदा हजार किलोमीटर पळालेली. इंजिन तेल पीत नाही, सकाळी अर्ध्या सेल्फला चालू होते. आम्ही रत्नागिरीत राहतो आणि घराकडे येणाऱ्या वाटेला दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं आहेत. दीड मीटर रुंदीची झेन तिथल्या वळणावर एका फटक्यात वळते. आजच्या बहुतेक गाड्यांना तिथे दोनदा मागेपुढे करावं लागतं, आणि तरी कुठे ना कुठे दार घासतंच. त्यामुळे "अहो, भंगारात द्या आणि नवी घ्या" हा सल्ला मला कोणी देऊ नये. पंधरा वर्षं झाल्यावर रीतसर पुनर्नोंदणी केली, पर्यावरण कर भरला. २०२४ साली पुन्हा पाच हजार भरून २०२९ पर्यंतचा कागद हातात घेतला. आता वीस वर्षांवरच्या गाडीला तेच शुल्क दहा हजार झालंय, वेळ आली की तेही भरेन. सरकार माझ्याकडून जुन्या गाडीचे पैसे घेतं, विमा कंपनी घेते. मग त्याच गाडीचं काम घेऊन गेलो की मिस्त्री माझ्याकडे वेड्यासारखं का बघतो?

कोकणात सायलेन्सर का सडतो हेही इथे लिहितो, कारण मला ते एकाही मिस्त्रीने सांगितलं नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. गाडी लांब पळाली तर पाइप तापतो आणि ते पाणी वाफ होऊन निघून जातं. पण आमचं जाणं-येणं मारुती मंदिर ते मांडवी, फार तर नाचणे. तेवढ्यात मागचा डबा कोमटसुद्धा होत नाही. इंजिनापासून सगळ्यात लांब तोच, म्हणून सगळ्यात थंडही तोच. पाणी आत साचतं, त्यात धुरातलं आम्ल उतरतं, आणि पत्रा आतून खायला लागतो. बाहेरून खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस आहेच. वरून रंग शाबूत दिसतो आणि एक दिवस स्पीडब्रेकरवर डब्याचं बूड गळून पडतं.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा दुकानातून डुप्लिकेट सायलेन्सर आणला. "कंपनीचा आता येत नाही, हाच चालवा." चालवला. दीड वर्षात त्याला बोट जाईल एवढं भोक. हातात धरल्यावरच कळायला हवं होतं. कंपनीचा डबा उचलताना मनगटावर भार येतो, हा तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा हलका होता. दुसरा आणला तर त्याची फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, अर्धा इंच बाजूला. मिस्त्रीने हातोड्याने ठोकून पाइप वाकवला आणि म्हणाला, "बसला की." तो बसला नव्हता, कोंबला होता. पुढची दोन वर्षं वळणावर मागे काहीतरी घासल्याचा आवाज येत राहिला.

म्हणून ठरवलं की आता एकदाच पैसे घालायचे आणि स्टेनलेसचा करून घ्यायचा. ३०४ ग्रेडचा, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या जातीचा पाइप, आत नीट भरलेला डबा, सांधे आर्गन वायूच्या वेल्डिंगने जोडलेले. पाइपाचा व्यास कंपनीचा होता तेवढाच. मोठ्या पाइपाने ताकद वाढते असं जो तो सांगतो, पण साठ अश्वशक्तीच्या इंजिनाला मोठा पाइप लावला की आतल्या धुराचा वेग पडतो आणि इंजिन हळू फिरत असताना गाडी मरते. आंबा घाटात दुसऱ्या गिअरवर चढणाऱ्या माणसाला नेमकी तिथलीच ओढ हवी असते. हे सगळं कागदावर लिहून, आकृती काढून मी मे महिन्यात कोल्हापूरला गेलो. लेथ, फाउंड्री, वेल्डिंग यांत कोल्हापूरच्या माणसाचा हात कोणी धरत नाही अशी माझी पक्की समजूत होती. शहर तसं आहेही. मी गेलो ते दुकान तसं नव्हतं.

मालकाने कागद बघितला, घडी घातली आणि खिशात ठेवला. पुन्हा कधी उघडला नाही.

पुढच्या पाइपाचे नट वीस वर्षांचे. गंजून एकजीव झालेले. असे नट काढायची रीत ठरलेली आहे. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, सकाळी गॅसने नट लाल करायचा, थोडा घट्ट करून मग सोडायचा, परत घट्ट करून परत सोडायचा. मी म्हटलं, "मी मुक्कामाला थांबतो, आज नुसतं तेल मारून ठेवा." पोरगा हसला. रिंग पान्याच्या दांड्यात दोन फुटी पाइप घातला, चाकावर पाय रोवला आणि ओढला. कट्! स्टड, म्हणजे नट बसतो तो आटेवाला दांडा, मुळातून तुटला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग त्यावर ड्रिल मारलं, तेही तिरकं, भोक एका बाजूला गेलं. शेवटी तीन नटांच्या जागी दोन बसवले. नवीन गॅसकेट मी सोबत घेऊन गेलो होतो, ते बेंचवर तसंच पडून राहिलं आणि सांध्याला लाल सिलिकॉन चोपडलं. एक्झॉस्टच्या सांध्याला सिलिकॉन! तिथली उष्णता त्याला झेपत नाही. ते जळतं, त्याची वाफ धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरवर बसते आणि सेन्सर खराब होतो. सेन्सरजवळच्या सांध्यातून हवा आत ओढली जायला लागली की ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो आणखी पेट्रोल सोडतो. सोळाचं ॲव्हरेज बारावर आलं ते काय हवेतून आलं?

वेल्डिंग सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह काढा हे तीनदा सांगितलं. "काय हुत नाही साहेब." शेवटी बॉनेट उघडून मीच काढली.

आणि सगळ्यात मोठा गाढवपणा म्हणजे गाडी जॅकवर ठेवून मागचा पाइप बसवला. जॅकवर गाडी असली की मागची चाकं खाली लोंबतात, त्यांना जोडणारा ॲक्सलही खाली जातो, आणि त्याच्यावर पाइपाला जागाच जागा दिसते. माणसं बसली, सामान भरलं की ॲक्सल वर येतो. ती मोकळी जागा तेव्हा उरतच नाही. पाइप चाकं जमिनीवर असताना मापायचा असतो, खड्ड्यात किंवा रॅम्पवर. वीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला एवढं कळू नये? रबराचे हँगर असतात तेही मुद्दाम असतात. आडवं इंजिन रेस दिली की पुढेमागे डोलतं, सोबत अख्खा पाइप डोलतो, तो धक्का रबर पितं. यांनी एक रबर तुटलं म्हणून तिथे तार पिळली आणि एका जागी तर पाइप सरळ ब्रॅकेटलाच वेल्ड केला.

परत येताना मागे आई होती. साखरप्याच्या अलीकडे पहिला ठोका ऐकू आला, मग प्रत्येक खड्ड्याला ठोका. पाली येईपर्यंत पाइपाचं वेल्डिंग बरोबर मागच्या सीटखाली तडकलं होतं, पण ते मला घरी आल्यावर कळलं. वाटेत आई दोनदा म्हणाली, "डोकं जड झालंय रे." मला वाटलं घाट लागला असेल. पुढचे दोन दिवस बाजारात जाऊन आलं की तेच. तिसऱ्या दिवशी गाडीखाली शिरलो आणि ती फट बघितली तेव्हा हातपाय गार पडले. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि आपल्याला काय होतंय हेच कळेनासं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला मी त्याच्या वर बसवून घाट उतरवला.

कोल्हापूरच्या मालकाला फोन केला. तर तो म्हणतो, "काचा खाली ठेवायच्या ओ, वारा लागतोय की!"

तळपायाची आग मस्तकात गेली. धूर आत येतोय म्हणून काचा खाली ठेवायच्या? अशा गाडीत काचा उघडल्या की मागचा धूर उलट आत ओढला जाऊ शकतो. रत्नागिरीतच एका वेल्डरकडून तात्पुरता टाका मारून घेतला, त्याने तार तोडून नवीन रबर लावलं, दोनशे रुपये घेतले. बाकी पावसाळ्यानंतर बघू म्हणून सोडून दिलं. ही माझी चूक.

गणपती झाले, पीयूसी संपली. आमच्या गाडीला ती दर सहा महिन्यांनी करावी लागते. मार्चमध्ये कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के होता, मर्यादा ०.५. सप्टेंबरात यंत्राने २.३ दाखवला. पीयूसीवाल्या पोराने पुन्हा नळी घातली, परत तेच. म्हणाला, "काका, कॅट काढलाय काय?" कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातलं विष कमी करणारा डबा. मी म्हटलं, नाही, जागेवर आहे. घरी येऊन खाली शिरलो. कॅटचा डबा जागेवरच होता. बोटाने टिचकी मारली तर पोकळ. रिकाम्या पातेल्यासारखा वाजला. पाइप सोडवून टॉर्च मारला. आतली सिरॅमिकची जाळी गायब. सळीने फोडून काढलेली, कडेला तिचे दोन-चार तुकडे चिकटलेले. आणि डब्याला खालून पट्टी मारून वेल्ड करून काळा रंग दिलेला, मला दिसू नये म्हणून.

त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. भंगारवाले तिचे रोख पैसे देतात, हे प्रत्येक गॅरेजवाल्याला ठाऊक आहे आणि गाडीमालकांपैकी फार थोड्यांना. जुनी गाडी, म्हातारं गिऱ्हाईक, कोण बघतंय खाली वाकून? ज्यांना माहीत असतं त्यांना हेच लोक उघड सांगतात, "कॅट काढून टाका, गाडी मोकळी होते, पिकअप वाढतोय." पिकअप वाढत नाही. विष वाढतं. आपल्या मागे स्कूटरवर बसलेल्या पोराच्या नाकात ते जातं.

त्याच दिवशी पाइपही तपासला. सहा हजार जास्त मोजले होते ३०४ साठी. लोहचुंबक चिकटत नव्हतं म्हणून मी निश्चिंत होतो. पण चुंबक ३०४ ला जसं चिकटत नाही तसंच २०२ या हलक्या जातीच्या स्टेनलेसलाही चिकटत नाही, आणि हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. एका पावसाळ्यात वेल्डिंगच्या कडांना तांबूस डाग पडले होते. मित्राकडून तपासायचं औषध आणलं, पाइपावर दोन थेंब टाकले, नऊ व्होल्टची बॅटरी लावली. थेंब लालभडक झाला. म्हणजे ते २०२च्या जातीचंच निघालं, जिन्याच्या रेलिंगला वापरतात तसलं.

आणि एवढं सगळं करून गाडी आवाज करते. डब्यात जे भरायला हवं होतं ते भरलेलंच नाही, सरळ भोकांची नळी घातलीय. रात्री साडेनऊला गडग्यांमधून येताना कुत्री उठतात. शेजारचं सहा महिन्यांचं बाळ दचकून रडतं. त्याच्या आईला मी दोनदा जाऊन सांगून आलो, "वहिनी, करतोय काहीतरी." मला लाज वाटते. प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवा हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२० व्या नियमात स्पष्ट लिहिलंय. आवाज आणि धुराची मर्यादा मोडली तर कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड होतो. भरायचा कोणी? गाडी ज्याच्या नावावर आहे त्याने. पोलीस मोटारसायकलींचे फटाका सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोलरखाली चिरडतात, ते बघून मलाही बरं वाटतं. पण ते सायलेन्सर करणारा, विकणारा आणि बसवणारा त्या रोलरच्या आसपास कधी दिसतो का? त्याच्या दुकानात दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग लागते, आणि माझ्यासारखा गप्प चालणारी गाडी मागणारा आला की तो म्हणतो, "असलं कोण करत नाही आता."

सध्या गाडी अंगणात चार चिऱ्यांवर उभी आहे. पुढचा पाइप काढून ठेवलाय. मिरकरवाड्यात बोटींची कामं करणारा एक वेल्डर आहे, त्याच्याकडे जुना, कंपनीचा सडका डबा नमुना म्हणून नेऊन दिलाय. त्याने आधी तो उभा कापला, आतले पडदे आणि नळ्या मोजल्या, प्रत्येक माप खडूने जमिनीवर लिहिलं. कॅट मात्र नवीन आणावा लागणार, आणि त्याची किंमत ऐकून दोन दिवस कोणाशी बोललो नाही.

कोल्हापूरला काल परत मेसेज केला. रिकाम्या डब्याचा, तिरक्या स्टडचा, लाल झालेल्या थेंबाचा फोटो पाठवला. लिहिलं, "मजुरी ठेवा. पाइपाचे पैसेही ठेवा. माझ्या गाडीतली जाळी भंगारवाल्याला कितीला विकली तेवढं फक्त सांगा."

निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही.