नियम काढले की वाफ आपोआप वर येते म्हणे!

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की जमिनीखाली फुकटची उष्णता पडून आहे, सरकारने फक्त नियम गुंडाळून बाजूला व्हावं, मग बघा भूऔष्णिक वीज, म्हणजे जमिनीखालच्या वाफेवर बनणारी वीज, कशी धडाधड वाढते. वाचायला भारी वाटतं, पण त्यातला एकेक मुद्दा तपासू.

"खासगी कंपन्या स्वतःच बोअर मारतील." अहो, दोन-तीन किलोमीटर खोल जायचं, बक्कळ पैसा ओतायचा आणि खाली काहीच नाही लागलं तर? असल्या भोकावर कुठली बँक कर्ज देणार? म्हणून तर आइसलँडमधे सरकारी फंड ड्रिलिंगला कर्ज द्यायचा आणि विहीर फेल गेली की ते माफ करायचा. केनियाने 2008 मधे सरकारी कंपनीच काढली, विहिरी ती खणते आणि वाफ लागली की खासगी वीजवाल्यांना विकते.

"उष्णता संपत नाही, मग उपशावर बंधन कशाला?" हे वाचून तर मी कपाळावर हात मारला. कॅलिफोर्नियातलं द गीझर्स हे भूऔष्णिक क्षेत्र बघा. 1960 पासून तिथे वीज बनतेय, पुढे एकाच साठ्यावर बऱ्याच कंपन्या उतरल्या, जो तो आपली वाफ ओढतोय, 1987 च्या सुमाराला उत्पादन टोकाला गेलं आणि मग प्रेशर असं उतरलं की प्लांट अर्धपोटी चालायला लागले. खडक गरमच होता हो, आटलं होतं ते पाणी! शेवटी 2003 पासून सांता रोझा शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पाइपलाइनने डोंगरावर चढवून खाली सोडायला लागले. आणि गंमत म्हणजे, ते पाणी नदीत हवं तसं सोडायला शहराला बंदी होती, म्हणून तर ते इकडे वळलं.

"सेफ्टीचे नियम म्हणजे नुसता उशीर." स्वित्झर्लंडच्या बासेल शहरात 2006 साली भूऔष्णिक प्रोजेक्टच्या खोल विहिरीत जोरात पाणी दाबलं आणि 3.4 चा भूकंप झाला, लोक हादरले, प्रोजेक्ट कायमचा गुंडाळला. यापेक्षा मोठा उशीर कुठला?

एक मात्र मान्य, नियम वाईटही असतात. इंडोनेशियाच्या 2003 च्या कायद्यात भूऔष्णिक काम चक्क खाणकामात धरलं होतं, त्यामुळे संरक्षित जंगलात हात लावता येईना, आणि तिथली बरीचशी गरम जागा नेमकी त्याच जंगलात. पण ती अडचण सुटली ती 2014 मधे नवीन कायदा करून, सरकारने घरी बसून नव्हे.