मला उजेड नकोय हो, ऊब हवीय!

"ताई, एलईडी घ्या ना, ९ वॅटचा. लाइटबिल कमी येईल."

काल पुण्यात तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, हे वाक्य मी सहा दुकानांत ऐकलं. सहा! पौडच्या पुढून अ‍ॅक्टिव्हावर निघाले, चांदणी चौकात अडकले, बुधवार पेठेत गाडी लावायला जागा शोधताना एकाशी भांडले, आणि एवढं करून मागितलं काय? २०० वॅटचा साधा पिवळा बल्ब. आत तार असलेला. तर दुकानदार माझ्याकडे असा बघतो जणू मी रॉकेलचा कंदील मागितला. "आता कोण वापरतं ते?" मी वापरते! माझ्या शेडमध्ये कोंबडीची पिल्लं आहेत, ती वापरतात!

एकदाच सांगते, म्हणजे परत कोणी अक्कल शिकवायला येणार नाही. एका दिवसाचं पिल्लू चाळीस ग्रॅमचं असतं. अंगावर पिसं नाहीत, नुसती लव. स्वतःचं अंग गरम ठेवणं त्याला पहिले दोन आठवडे तरी धड जमत नाही. कोंबडी असती तर पंखाखाली घेतलं असतं. मशीनमधून निघालेल्या पिल्लाला आई कुठली? तिच्या जागी मी आणि माझे बल्ब. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ९५ फॅरनहाइट लागतं, म्हणजे ३५ सेल्सिअस. पुढे दर आठवड्याला पाच-पाच फॅरनहाइट उतरवायचं. पिल्लामागे २ वॅट धरतात. मी आणली ५००, त्यांना १००० वॅट, म्हणजे २०० चे पाच बल्ब. आता ९ वॅटच्या एलईडीचे किती लावू? शंभरच्या वर? दिवाळी आहे का?

हा जुना बल्ब १०० युनिट वीज खाऊन जेमतेम ५ उजेडाला लावतो आणि बाकी सगळी उष्णता करून टाकतो, म्हणून त्याला सगळीकडून हाकललं. घरात हाकला, माझं काही म्हणणं नाही. पण तुम्ही जिला उधळपट्टी म्हणता ना, तेवढ्यासाठीच मी पैसे देते. एका दुकानात लाल काचेचे २५० वॅटचे इन्फ्रारेड, म्हणजे खास ऊब देणारे बल्ब निघाले. चार घेतले असते, पण किंमत ऐकून पाणी प्यावं लागलं.

आणि हे सगळं कशामुळे? तर परवाच्या रात्रीमुळे.

बाहेर ९ अंश. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळपासून 'गुलाबी थंडी'चे फोटो, हातात वाफाळता चहा. रात्री दोन वाजता लाइट गेली. इन्व्हर्टर होता, हो! विकताना तो माणूस म्हणाला होता, "रात्रभर चिंता नाही." टीव्ही-पंख्याला नसेल चिंता. १५० अ‍ॅम्पिअरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, आणि माझा लोड १००० चा. सव्वातीनला बॅटरीने मान टाकली. वायरमनला फोन केला तर, "डीपीचा फ्यूज गेलाय, सकाळी बघू." सकाळी! त्याला गोधडी आहे, त्याला काय!

अंधारात पिल्लांचा आवाज बदलतो. ऊब असली की नुसती बारीक कुजबुज असते. गारठली की टोकदार, एकसारखं ओरडतात, कानात सुई घातल्यासारखं. टॉर्च मारली तर खाली अंथरलेल्या तुसाचा निम्मा गोल मोकळा आणि सगळी पिल्लं चिकगार्डच्या, म्हणजे त्यांच्याभोवती कुंपणासारख्या लावलेल्या पत्र्याला एका बाजूला ढिगाने. कोपरे नसावेत म्हणून तर पत्रा गोल लावतो, तरी ढीग केलाच. मी दोन्ही हातांनी ढीग फोडत होते आणि मागे वळले की परत ढीग. वरची थंडीने थरथरतायत आणि खालची... खालची गरम होती. मऊ, गरम आणि चपटी. थंडीने नाही, गुदमरून गेली. मोजली तेव्हा ६१ होती.

ह्यांनी चुलीतले निखारे शेगडीत भरून आणले. शेजारचे अण्णा उठून आले, तर सल्ला काय? "पडदे खालून वरून गच्च बांधा, वारं येता कामा नये." गच्च बांधले असते तर कोळशाच्या धुराने पिल्लांबरोबर आम्हीही गेलो असतो. वरची फट उघडीच ठेवली, तर अण्णांचं तोंड वाकडं. त्यांच्याकडे पिल्लांना ऊब द्यायला गॅसची शेगडी, ब्रूडर, आहे म्हणे. आहे ना, पण पहाटे सिलिंडरवर बर्फासारखी पांढरी साय धरते आणि ज्योत बसते, ते कधी सांगत नाहीत.

उजाडता उजाडता तीस-चाळीस पिल्लं खोक्यात भरून चुलीपाशी ठेवली, दोन माझ्या स्वेटरच्या आत. सहा वीसला लाइट आली, पण पाचांतले तीन बल्ब लागलेच नाहीत.

आणि सात वाजता कोथरूडहून काकांचा फोन. "काय मग, थंडी एन्जॉय करताय की नाही? आणि ही कसली थंडी? १९३५ साली १७ जानेवारीला पुण्यात १.७ अंश होतं!" मी म्हटलं, काका, रात्रीत ६१ पिल्लं गेली. तर म्हणाले, "अरेरे. मग तू सोलर का नाही लावत?" रात्री! दोन वाजता! उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? वर, "गावरान अंडी कधी देणार?" काका, ज्यांची अंडी तुम्ही मागताय ती माझ्या स्वेटरमध्ये आहेत आणि त्यांचे पाय अजून गार आहेत.

तर काल तपकीर गल्लीत सातव्या दुकानात एक म्हातारे आजोबा होते. काही न बोलता माळ्यावर चढले, धूळ झटकून तीन बल्ब काढले, प्रत्येक लावून दाखवला. एकाची तार तुटलेली निघाली, त्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणजे दोन मिळाले. माझ्याकडचे दोन धरून चार झाले.

पाचवा हवाय. उद्या गुरुवार आहे, दुरुस्तीच्या नावाखाली लाइट जाणारच, त्याआधी हवाय. कोणाच्या माळ्यावर असेल तर सांगा. २०० वॅट. पिनचा असो नाहीतर आट्याचा, होल्डर मी बदलून घेते. घ्यायला कात्रजपर्यंत येईन.

एलईडी सुचवणाऱ्याला मात्र थेट ब्लॉक करणार आहे.