खुलासा: व्हिनेगर ओतून जरबेऱ्याची माती सुधारत नाही

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅपवर सध्या एक निरोप फिरतोय: पॉलिहाऊसमधला जरबेरा (फुलझाड) पिवळा पडला की दर आठवड्याला कपभर व्हिनेगर पाण्यातून द्या, माती कायमची आम्लधर्मी होते. होत नाही. व्हिनेगरमधलं आम्ल मातीतले जिवाणू थोड्याच दिवसांत फस्त करतात. शिवाय आपली माळव्याची काळी माती बऱ्याच ठिकाणी चुनखडीची. वाळल्या ढेकळावर चार थेंब टाकून बघा, फसफसतं. म्हणजे आम्ल तिथल्या तिथे खर्ची पडलं. जास्त ओतलंत तर मुळंच भाजतील.

लक्षण मात्र खोटं नाही. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोह मिळत नाहीये. जरबेऱ्याला सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; जितका कमी तितकी माती आम्ल) ५.५ ते ६.५ लागतो, काळ्या मातीत तो सहसा ७.५ ते ८.५ असतो, म्हणून मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. सामू उतरवायला गंधकाची भुकटी चालते, पण तिचं आम्ल व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात, तेव्हा ती लागवडीच्या बरीच आधी मिसळायची. चुनखड फारच असेल तर गंधकाचा नाद सोडून सरळ कोकोपीटचे (नारळाच्या काथ्याच्या भुशाचे) वाफे करावेत, असं माझं मत. आणि आधी बोअरचं पाणी तपासून घ्या. त्यातले बायकार्बोनेट क्षार उतरलेला सामू परत चढवतात.