ट्रान्झिट लाउंजमधून दिसलेले देश : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचली. खाली ‘धन्यवाद, विचार करते’ एवढं लिहून सुटका करून घेता आली असती, पण आक्षेप मनापासून घेतलेला दिसतो, तेव्हा उत्तरही सविस्तर देते.

स्वीडन आणि जर्मनीत एमएससी आणि नेदरलँड्समध्ये डॉक्टरेट करताना परीक्षा, वर्ग आणि प्राध्यापक यांच्याबद्दल जे जाणवलं, ते मी मूळ लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : विद्यार्थी-वसतिगृहात राहून, इंग्रजीतून शिकून, थोड्या वर्षांनी बॅगा भरून पुढे निघणाऱ्या बाईने ‘मी या देशांत राहिले’ असं म्हणू नये. विमानतळाच्या ट्रान्झिट लाउंजमध्ये बसून शहराचं वर्णन करण्यासारखं ते आहे. एकाच देशात मुरले असते तर काही हाती लागलं असतं, आता ‘एक ना धड भाराभर चिंध्या’. आणि पैशाचा विषय मी सोयीस्करपणे टाळला.

लाउंजची उपमा झोंबली, म्हणजे तिच्यात दम आहे. पण लाउंजच्या काचा कोण बसवतं, हेही बघायला हवं. स्वीडनमध्ये प्रत्येक रहिवाशाला एक ओळख क्रमांक असतो, पेर्सूननुम्मेर. तो मिळण्यासाठी देशात किमान एक वर्ष राहणार असल्याचं दिसावं लागतं. दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला आलेल्या विद्यार्थ्याला तो मिळत नाही. क्रमांक नाही म्हणून बँकेची डिजिटल ओळख नाही, आणि ती नाही म्हणून डॉक्टरांची ऑनलाइन वेळ घेण्यापासून मोबाइलच्या मासिक प्लॅनपर्यंत पदोपदी अडतं. शेजारच्या खोलीतल्या मुलीचा परवाना वर्षापेक्षा थोडा कमी मुदतीचा होता, माझा थोडा जास्त. वर्ग एक, स्वयंपाकघर एक, पण मी त्या समाजाच्या यादीत होते आणि ती नव्हती. ती मिसळायला तयार नव्हती असं मुळीच नाही. रेघ सरकारने तारखेवर मारलेली होती.

जर्मनीत उलटं. तिथे नव्या घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, आणि त्या नोंदणीच्या कागदावर पुढचं बरंच काही अडलेलं असतं. नोंदणी झाली की थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र दारात. दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. शेजाऱ्यांनी ओळख दाखवायच्या आधी राज्यव्यवस्थेने दाखवली, असं आम्ही म्हणायचो.

हे पर्यटकाला दिसत नाही. तिथे जन्मलेल्यालाही फारसं दिसत नाही, कारण त्याचा क्रमांक जन्मापासून त्याच्यासोबत असतो. हे दिसतं ते खिडकीसमोर फाइल घेऊन उभं राहिलेल्याला. तुम्ही ज्याला लाउंज म्हणता तिथून शहर दिसत नसेल, पण दारावरची तपासणी फार नीट दिसते. मी त्याच तपासणीबद्दल लिहिते. डच कुटुंबात म्हाताऱ्या आईवडिलांचं कोण करतं, किंवा जर्मन बापाला मुलाच्या शाळेत काय ऐकून घ्यावं लागतं, याबद्दल मी लिहिलेलं नाही. तिथे पंधरा-वीस वर्षं संसार केलेल्यांनी ते लिहावं, मी आवडीने वाचेन.

भाषेचं म्हणाल तर नेदरलँड्समध्ये तुम्ही अडखळत डच वाक्य सुरू करा, ते संपायच्या आत समोरचा इंग्रजीत उत्तर देतो. ही मदतच असते, फक्त ती घेत राहिलं की वर्षानुवर्षं तुम्ही पाहुणेच राहता. जेवणाच्या टेबलावर सात जण डचमध्ये बोलत असतात, मी ट्रे घेऊन बसले की सगळे इंग्रजीत, आणि मग गप्पांतला विनोद ओसरतो. त्यामुळे ‘तिथली माणसं तुम्हाला कळली नाहीत’ या तुमच्या वाक्याशी मी भांडणार नाही.

भांडण आहे ते चिंध्यांवरून.

एकाच परक्या देशात शिकलेल्या माणसाच्या डोक्यात दोनच खाने असतात : आपल्याकडे आणि परदेशात. मग प्रत्येक गोष्ट या नाहीतर त्या खान्यात पडते आणि प्रत्येक तुलनेचा शेवट कोण चांगलं या भांडणात होतो. स्वीडननंतर मी थेट परतले असते तर ‘परदेशात नापास होण्याचं कोणाला काही वाटत नाही’ असं आयुष्यभर ठासून सांगत फिरले असते, कारण स्वीडनमध्ये मी तेच पाहिलं होतं. लेखी परीक्षा पाच तासांची. मोठ्या हॉलमध्ये ओळखपत्र टेबलावर, उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक. कोणी डबा आणलेला, कोणी थर्मास. माझी मैत्रीण तीन तासांनी उठली, बाहेर भेटल्यावर म्हणाली, “नाही जमला, ऑगस्टमध्ये परत देईन,” आणि सायकलचं कुलूप काढायला लागली. तिच्या आवाजात मी लाज शोधत होते, ती सापडली नाही. तिथल्या नियमांत त्याचं कारण आहे. विद्यापीठाला परीक्षेच्या संधींवर मर्यादा घालायचीच असेल तर किमान पाच संधी द्याव्या लागतात. दोनदा नापास झालेल्याला दुसरा परीक्षक मागण्याचा हक्कही आहे, आणि ठोस कारणाशिवाय विद्यापीठाला तो नाकारता येत नाही. म्हणजे दोष परीक्षकाचाही असू शकतो, हे तिथे कायद्यानेच धरून चाललेलं आहे.

मग जर्मनी. सीमेपलीकडे आकडेसुद्धा उलटे : १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. माझ्या विभागाच्या परीक्षा-नियमावलीत एका विषयाला तीन संधी होत्या. तिसरी हुकली की ‘कायमचा अनुत्तीर्ण’ असा शेरा पडतो, नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. युरोपियन युनियनबाहेरचा पासपोर्ट असेल तर राहण्याचा परवानाही प्रवेशालाच बांधलेला. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाची अशी तिसरी खेप होती, तोंडी परीक्षा. खोलीत प्राध्यापक, बाजूला इतिवृत्त लिहिणारा साहाय्यक, टेबलावर कोरे कागद आणि पेन. अर्ध्या तासाने त्याला बाहेर पाठवलं, दार बंद झालं. व्हरांड्यात आम्ही दोघं-तिघं होतो, पण त्याच्याशी बोलायची कोणाची हिंमत होईना. तो सूचनाफलकावरची एक जुनी, भाड्याने खोली देण्याची जाहिरात वाचत उभा होता, खालच्या फोन नंबरांच्या चिठ्ठ्यांसकट. आत बोलावलं, ४.० मिळाले. त्या रात्री आमच्या मजल्यावर जो दंगा झाला, तो कोणाच्या १.० ला झाला नव्हता.

तिसरा देश नेदरलँड्स. डॉक्टरेट करताना मी पदवीच्या पहिल्या वर्षाचे वर्ग घ्यायचे. तिथे वर्षाच्या ६० क्रेडिटपैकी विद्यापीठाने ठरवलेला किमान आकडा पहिल्याच वर्षी गाठला नाही, तर त्या अभ्यासक्रमातून बाहेर. पण ही बंदी त्या संस्थेपुरती. तोच विषय दुसऱ्या विद्यापीठात पुन्हा पहिल्यापासून घेता येतो. जून उजाडला की अठरा-एकोणीस वर्षांची मुलं माझ्यासमोर बोटांवर क्रेडिटची बेरीज मांडायची.

आता सांगा, परदेशात नापास होणं सोपं की अवघड? हा प्रश्नच चुकीचा आहे हे मला तिसऱ्या देशात गेल्यावर कळलं. प्रत्येक व्यवस्थेला मुलं गाळावीच लागतात. एकीने ती चाळण सगळ्या वर्षांत पातळ करून पसरली आहे, दुसरीने शेवटी कडा ठेवला आहे, तिसरीने दाराशीच उंबरठा उंच केला आहे. हे कळल्यावर मला स्वीडिश मैत्रिणीचा निवांतपणा ‘स्वीडिश स्वभाव’ वाटेनासा झाला आणि जर्मन वर्गमित्रांचा ताण ‘जर्मन शिस्त’. त्यांची अदलाबदल केली असती तर वर्षभरात मैत्रीणही व्हरांड्यात जाहिराती वाचत उभी राहिली असती, असं माझं मत आहे. सिद्ध करता येणार नाही, पण मत आहे.

युरोपातल्या २९ देशांनी १९९९ साली इटलीतल्या बोलोन्यात आपापलं उच्चशिक्षण एकमेकांशी जुळवून घेण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यामुळे क्रेडिट आज सीमेपार जातं : पूर्ण वर्षाचे ६०, एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. पण गुण तितक्या सहज जात नाहीत. डेन्मार्कच्या गुणपट्टीत तर १२ सर्वोच्च आणि उणे ३ सर्वात खाली. जर्मन १.३ च्या बदल्यात तिथे काय द्यायचं, हे कोष्टकं करणाऱ्यांना विचारा. प्राध्यापकाला स्वीडनमध्ये पहिल्या नावाने हाक मारायची आणि जर्मनीत आडनावाने, किंवा तास संपल्यावर टाळ्यांऐवजी बाकावर टकटक करायची, हे किस्से मूळ लेखात होते. ते तुम्हाला पर्यटकाच्या नोंदी वाटले असतील तर माझी तक्रार नाही.

पैशाबद्दल. तो लेख परीक्षांवर होता म्हणून तो विषय नव्हता, पण विचारलंत तर सांगते. स्वीडनमध्ये २०११ च्या शरद सत्राआधी कोणत्याही देशाच्या विद्यार्थ्याला शिक्षण मोफत होतं, त्या सत्रापासून युरोपियन युनियन आणि तिच्याशी जोडलेल्या मोजक्या देशांबाहेरच्यांना शुल्क लागू झालं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शुल्क नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. आणि व्हिसासाठी बहुतेक जण वर्षभराचे ११,९०४ युरो आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरतात. त्यातले महिन्याला ९९२ हातात मिळतात, आपलेच. ‘मोफत शिक्षण’ ऐकून निघालेली कितीतरी हुशार मुलं त्या खात्यापाशी अडतात. मला इरास्मुस मुंडुसची, म्हणजे एकाहून जास्त देशांत शिकायच्या एमएससीसाठी युरोपियन युनियन देतं ती शिष्यवृत्ती होती (सध्या ती महिना १,४०० युरो आहे) आणि डच डॉक्टरेटला मी पगारी कर्मचारी होते. शिष्यवृत्ती आणि पगार नसता तर या तिन्ही देशांबद्दल माझं काहीही मत नसतं. तुम्हाला हे आधी वाचायचं होतं, रास्त आहे.

तुमच्या प्रतिक्रियेत शेवटी आहे की भाचीला असाच दोन देशांचा अभ्यासक्रम मिळतोय आणि तिला माझा लेख दाखवणार नाही. नका दाखवू. पण माहितीपत्रकाआधी तिला दोन्ही विद्यापीठांची परीक्षा-नियमावली वाचायला लावा. दुसऱ्या देशात जाताना नवा परवाना लागेल की पहिल्यावरच जाता येईल, हेही बघायला सांगा. २०१६ च्या युरोपीय निर्देशामुळे काही अभ्यासक्रमांना ३६० दिवसांपर्यंत ही मुभा मिळते, पण डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत. आणि पहिल्या देशातला एखादा विषय राहिला, त्याची पुनर्परीक्षा ती दुसऱ्या देशात असताना आली, तर पेपर कुठे बसून द्यायचा आणि जाण्यायेण्याचा खर्च कोणी करायचा, याचं उत्तर प्रवेश घेण्याआधी ईमेलवर लेखी मागून घेऊ दे.