कैलास लेणं आणि ‘४ लाख टन’ दगड: खुलासा

वेरूळचं कैलास लेणं (क्र. १६) १८ वर्षांत ४ लाख टन दगड काढून कोरणं माणसाला अशक्य, म्हणून ते परग्रहवासीयांचं, असा संदेश फिरतोय.

आधी गणित. आवार सुमारे ८४ मीटर लांब, ४७ रुंद. मागचा कडा साधारण ३३ मीटर उंच. हा अख्खा खोका पोकळ धरला, बेसॉल्ट (इथला काळा खडक) घनमीटरला २.९ टन, तरच ३.८ लाख टन होतात. पण डोंगर पुढे उतरता आहे आणि मधलं देऊळ काढलेलंच नाही!

‘१८ वर्षं’ कुठल्याही शिलालेखात नाहीत, तो राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या कारकिर्दीचा (सु. ७५६–७७३) अंदाज. छिन्नीचे घाव भिंतींवर आजही दिसतात. उलट बडोदा ताम्रपट (इ.स. ८१२) सांगतो: कृष्णराजाचं हे देऊळ पाहून खुद्द ते घडवणारा शिल्पीच चकित झाला.