पासपोर्ट रद्द म्हणजे नागरिकत्व रद्द? काहीही!

एडवर्ड स्नोडेनवरचा लांबलचक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. २०१३ मध्ये अमेरिकेच्या पाळतयंत्रणेची गुपितं फोडणारा तो हाच. फॉरवर्ड म्हणतो: तो विमानात असतानाच अमेरिकेनं त्याचा पासपोर्ट रद्द केला, नागरिकत्वही काढून घेतलं; भारत आश्रय द्यायला तयार होता, पण पुतिननं लगेच रशियाचा पासपोर्ट दिला. खाली तात्पर्य: ‘सरकारनं पासपोर्ट काढून घेतला की माणूस नागरिक राहत नाही. सावध व्हा!’

एरवी सोडून दिलं असतं. पण साताऱ्याच्या मावशीच्या पासपोर्टचं नूतनीकरण पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये अडकलंय, आणि हे वाचून तिनं मला फोन केला, “पासपोर्ट नाहीच आला तर मतदान करता येईल ना रे?”

म्हणून आधी नागरिकत्वाचं. २३ जुलै २०१३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी रशियाच्या न्यायमंत्र्यांना पत्र लिहिलं. त्यात स्वच्छ म्हटलंय की २२ जूनला पासपोर्ट रद्द झाला असला तरी स्नोडेन अमेरिकेचाच नागरिक आहे, आणि थेट मायदेशी परतण्यापुरता पासपोर्ट त्याला ताबडतोब द्यायची आमची तयारी आहे. नागरिकत्व काढून घेतलेल्या माणसाला कुणी पासपोर्ट देऊ करतं का? आपण कुठल्याच देशाचे उरलो नाही, असं खुद्द स्नोडेननंच १ जुलैच्या निवेदनात म्हटलं होतं, हे खरं. पण ते त्याचं म्हणणं झालं, कायदा नव्हे.

आपल्याकडंही तेच. १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट सरकारनं जप्त केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजलं. बाई पुढं खासदार झाल्या, केंद्रात मंत्री झाल्या. मावशीचं मत कुठं जातंय!

‘विमानात असताना’ हेही होल्डर यांच्या पत्रातल्या तारखेपुढं टिकत नाही. स्नोडेननं मॉस्कोला जायला हाँगकाँग सोडलं ते २३ जूनला, म्हणजे दुसऱ्या दिवशी. मग त्याला जाऊ कसं दिलं? हाँगकाँग सरकारनं सांगितलं की त्याच्या अटकेसाठी अमेरिकेनं पाठवलेली कागदपत्रं कायद्यात पुरती बसत नव्हती. त्याचं मधलं नाव सगळीकडं एकसारखं नव्हतं आणि पासपोर्टचा नंबरच दिलेला नव्हता. जो पासपोर्ट रद्द केला त्याचाच नंबर नाही! महासत्तेचा हा कारभार फॉरवर्डवाल्यांना दिसला नाही, तोंडीलावणं मात्र भरपूर.

एक मात्र मान्य करायला हवं. पासपोर्ट गेल्यामुळं त्याची कोंडी झाली, यात वाद नाही. २४ जूनच्या हवानाच्या विमानात त्याची १७ए ही सीट रिकामीच गेली, त्याच्या मागावर तिकिटं काढलेले पत्रकार तेवढे क्यूबाला पोचले. तो महिनाभराहून जास्त मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळाच्या ट्रान्झिट भागात अडकून पडला. आणि होल्डर देऊ करत होते तो कागद थेट खटल्याकडं नेणारा होता, त्यात औदार्य शोधू नये.

बाकी पुतिनचं ‘लगेच’. १ ऑगस्ट २०१३ ला मिळाला तो फक्त एक वर्षाचा तात्पुरता आश्रय. रशियाचं नागरिकत्व मिळालं सप्टेंबर २०२२ मध्ये, नऊ वर्षांनी. आणि भारत म्हणे तयार होता! मॉस्कोतल्या आपल्या दूतावासात त्याचा अर्ज आला, आणि परराष्ट्र मंत्रालयानं २ जुलै २०१३ लाच तो नाकारला. तेही जाहीरपणे, प्रवक्त्यांच्या तोंडून.